दमा असताना स्कुबा?

प्रश्न : वय ३८. मित्रांबरोबर मालवणला स्कुबाला जायचं ठरतंय. लहानपणी दमा होता. आताही गुऱ्हाळं पेटली की धुरानं छाती भरते, क्वचित पंप घ्यावा लागतो. बुडी मारल्यानं फुफ्फुसं कायमची अधू होतात का? आणि त्याच संध्याकाळी आंबोलीमार्गे परतलं तर चालेल?
– एक वाचक, करवीर, कोल्हापूर

उत्तर : हौसेनं कधीमधी बुडी मारणाऱ्या निरोगी माणसाची फुफ्फुसं त्यानं झिजत असल्याचं दिसत नाही. वर्षानुवर्षं खोल पाण्यात काम करणाऱ्या पाणबुड्यांच्या बारीक श्वासनलिकांतून हवा थोडी हळू सुटते, पण ती गोष्ट वेगळी. सिलिंडरच्या कोरड्या, गार हवेनं बुडीनंतर फुंकर किंचित कमी पडू शकते; ती भरून येते.

तुम्हाला धोका आहे तो वर येताना. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथं छातीत घेतलेली ३ लिटर हवा वर येईपर्यंत ६ लिटर व्हायला बघते. श्वास चालू ठेवला की जादा हवा निघून जाते. दम्यात ती आखडलेल्या नळीमागे अडकते. मग वायुकोश, म्हणजे फुफ्फुसांतले हवेचे बारीक फुगे, फाटतात. हवा फुफ्फुसाभोवती साचते, नाहीतर रक्तात शिरून थेट मेंदू गाठते. ‘पाचच मीटर तर जायचंय’ म्हणून निर्धास्त राहू नका. छाती भरून श्वास रोखलात, तर सव्वा मीटर वर येतानाही इजा होऊ शकते.

आधी छातीच्या डॉक्टरांकडून स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरानं फुंकून फुफ्फुसांची हवा मोजायची चाचणी, करून घ्या. पंपाचा डोस देऊन १५ मिनिटांनी ती पुन्हा करतात. फुंकताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरनं वाढली, तर नळ्या अजून आखडलेल्या आहेत असं धरा. धावल्यावर ती १० टक्के किंवा जास्त घसरली तरी बेत सोडा. श्रमानं किंवा गारठ्यानं दमा उठत असेल, तर बुडी नकोच. पूर्वी आपोआप फुफ्फुस फाटून छातीत हवा साचली असेल, तर मुळीच नको. चाचण्या चांगल्या आल्या तरी आधीच्या ४८ तासांत धाप लागून पंप घेतला असेल, तर त्या खेपेला काठावरच बसा. बुडीआधी भरायच्या तब्येतीच्या फॉर्मवर दमा लपवू नका. सोबतचा प्रशिक्षक त्याच भरवशावर तुम्हाला खाली नेतो.

परतीचा मुद्दा फुफ्फुसांपेक्षा रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचा; उंचीवर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. बुडीनंतर विमान किंवा उंची टाळण्याचा संकेत साधारण ६१० मीटरपासून लागू होतो. आंबोली ६९० मीटरच्या आसपास आहे. एका बुडीनंतर १२ तास, जास्त बुड्या असतील तर १८ तास थांबा. म्हणजे मुक्काम मालवणातच.