लाल लंगोट आणि उजवा पाय

प्रश्न : वस्ताद, माझा मुलगा गंगावेशीत तालमीला जातो. कुस्तीच्या दिवशी जुनाच लाल लंगोट हवा, तोही न धुतलेला. वाटेत कुणी ‘कुठं निघालास?’ म्हटलं की माघारी येतो. हे खूळ मोडू का?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, लंगोट जुना असू दे, पण धुतलेलाच पाहिजे! घामट कापडानं गजकर्ण होतं आणि ते सगळ्या तालमीत पसरतं. यात मी ऐकणार नाही.

बाकी राहू द्या. शाहू महाराजांच्या खासबाग कुस्ती मैदानात उतरताना मीही आधी उजवा पाय टाकायचो, माती कपाळाला लावायचो. त्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू कालवलेलं असतं. तो उतारा नव्हे, माती मऊ राहावी म्हणून.

आईनं दंडाला बांधलेला काळा दोरा एकदा तुटला आणि मी चीत झालो. चार दिवस दोऱ्यालाच बोल लावला. खरं तर महिनाभर जोर पाचशेवरून दोनशेवर आणले होते. आईला मात्र ते कधी सांगितलं नाही.

माघारी फिरतो म्हणता, तर त्या दिवशी तासभर आधी घरातनं काढा त्याला.