सुरुवात माणसांपासून करा

प्रश्न : ताई, मुलगी सात वर्षांची आहे, तिला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास पुस्तकांतून सांगायचाय पण गुलामगिरी वगैरे वाचून ती घाबरेल का?

उत्तर : घाबरेल म्हणून टाळू नका, फक्त सुरुवात माणसांपासून करा. रूबी ब्रिजेस घ्या ना, १९६० मध्ये न्यू ऑर्लिन्समधल्या गोऱ्या मुलांच्या शाळेत ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी गेली, सोबत फेडरल मार्शल म्हणजे केंद्र सरकारचे सुरक्षा अधिकारी, बाहेर ओरडणारी गर्दी, आणि गोऱ्या पालकांनी मुलं काढून घेतली म्हणून वर्षभर बार्बरा हेन्री नावाच्या टीचर तिला एकटीलाच शिकवत होत्या. जवळपास तुमच्या मुलीच्याच वयाची, त्यामुळे "लोक असं का वागले?" हे ती विचारणारच, तेव्हा गुळमुळीत बोलू नका, अन्याय होता असं सरळ सांगा.

पण नुसतं दुःखच वाचलं तर ती माणसं मुलांच्या मनात कायम बिचारीच राहतात, हे मला अजिबात पटत नाही. म्हणून बेसी कोलमनबद्दलही वाचा, कृष्णवर्णीय बाईला अमेरिकेत कुणी विमान चालवायला शिकवेना म्हणून ती फ्रेंच शिकून फ्रान्सला गेली आणि १९२१ मध्ये पायलटचं लायसन्स मिळवलं! पुस्तक आधी स्वतः वाचून घ्या, आणि हे फक्त फेब्रुवारीतल्या ब्लॅक हिस्टरी मंथपुरतं, म्हणजे अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी पाळल्या जाणाऱ्या महिन्यापुरतं, ठेवू नका, वर्षभर वाचा.