ऑफिसच्या नेटवर्कवर कॉम्प्युटर नावाने सापडायला हवेत: होस्ट्स फाइल, डीएनएस की एमडीएनएस?

रबाळे एमआयडीसीत दोन मजल्यांवर तुमचे वीसेक कॉम्प्युटर आहेत, दोन्ही मजल्यांना वेगवेगळे राउटर आहेत, आणि टॅलीचा सर्व्हर खाली नावाने सापडतो पण वर सापडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी वागळे इस्टेटमध्ये अशाच छोट्या ऑफिसांची नेटवर्कं बघतो. माझं मत: खालच्या राउटरवरच डीएनएस, म्हणजे नावावरून मशीनचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) सांगणारी सेवा, चालवा.

आधी खालच्या एखाद्या मशीनवर सर्व्हरच्या नावाने पिंग करा (पिंग म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतंय का ते बघणारी कमांड), मग तेच नाव एनएसलूकअप या कमांडला द्या. एनएसलूकअप फक्त डीएनएसला विचारतं, पिंग मात्र विंडोजला ठाऊक असलेल्या सगळ्या वाटा वापरतं. पिंग चाललं, एनएसलूकअप 'नाही' म्हणालं आणि होस्ट्स फाइलमध्येही (प्रत्येक मशीनवरची नाव-आयपीची हाताने लिहिलेली यादी) ते नाव नसेल, तर विंडोज नेटवर्कभर हाक मारतंय आणि सर्व्हर ओ देतोय. एमडीएनएस, एलएलएमएनआर आणि जुनं नेटबायॉस, या नाव शोधायच्या तिन्ही पद्धती याच जातीच्या. ही हाक राउटरपलीकडे जात नाही. वरच्या मजल्याचं दुखणं बहुधा हेच.

शिवाय हाकेला कुणीही ओ देऊ शकतं. व्हायरस लागलेला एखादा लॅपटॉप 'मीच सर्व्हर' म्हणाला, तर विंडोज त्याच्यासमोर लॉगिनचा हॅश (पासवर्डपासून बनवलेला सांकेतिक मजकूर) ठेवून मोकळं होतं. म्हणून डीएनएस नीट चालू झाला की एलएलएमएनआर आणि नेटबायॉस बंदच करा. एमडीएनएस राहू द्या, नाहीतर आयफोनवरून प्रिंट जात नाही म्हणून साहेबांचा फोन येईल.

होस्ट्स फाइल एकदोन मशीनपुरती ठीक. सर्व्हरचा आयपी बदलला की वीस ठिकाणी हात घालावा लागतो. इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरही सगळी नावं एकाच फाइलमध्ये असायची. ती आवरेना म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली डीएनएस मांडला.

आता करायचं काय? खालच्या राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी कायमचा बांधा आणि तिथेच त्याची डीएनएस नोंद करा. नावाला शेपूट डॉट लोकल नको, ते एमडीएनएससाठी राखीव आहे. डॉट इंटर्नल लावा. वरच्या राउटरच्या डीएचसीपीत (मशीनना आपोआप आयपी वाटणाऱ्या सेटिंगमध्ये) डीएनएस म्हणून खालच्या राउटरचा आयपी द्या. सेकंडरी डीएनएसमध्ये ८.८.८.८ हा गूगलचा डीएनएस टाकायचा मोह आवरा, कारण गूगलला तुमच्या टॅलीचा पत्ता माहीत नाही, आणि विंडोज कधी त्याच्याकडे वळलं की 'असं नाव नाही' हे उत्तर खरं मानतं. आयपी बांधता येतो पण नावाची नोंद करता येत नाही, असेही स्वस्त राउटर असतात. तसा निघाला तर मॉडेल कळवा.