गुत्तेदाराकडे साडेचार लाख अडकलेत, दागिने गहाण ठेवू का?

प्रश्न : मी नांदेडचा. पेटी गुत्तेदार म्हणून, म्हणजे मुख्य गुत्तेदाराच्या हाताखाली, वायरिंगची कामं घेतो. लातूरला एका खासगी वसतिगृहाचं साहित्यासह 14 लाखांचं काम आहे. 9 लाखांचं झालं, हाती साडेचार आले. मुख्य गुत्तेदार म्हणतो, मालकाचं बिल निघालं की देतो, काम थांबवू नका. उरलेल्या कामाला 3 लाख 20 हजारांचं साहित्य आणि 1 लाख मजुरी लागेल. बायकोच्या दागिन्यांवर 3 लाख उचलू का?

उत्तर : आज तरी नको. व्याजाची भीती म्हणून नव्हे. वर्षाला 12 टक्के धरलं तरी महिन्याला 3 हजार, तेवढं काम सोसेल. पण 5 लाखांच्या उरलेल्या कामात तुम्हाला सुटतात 80 हजार. त्यासाठी आणखी 4 लाख 20 हजार अशा माणसाकडे गुंतवायचे, ज्याच्याकडून आधीचेच निघत नाहीत. शिवाय कामाची हमी म्हणून बिलातून 5 टक्के डिपॉझिट कापायचं ठरलं असेल तर 14 लाखांवर 70 हजार होतात. म्हणजे नफ्यातलं जवळपास सगळं दोष-दुरुस्तीची मुदत संपेपर्यंत अडकलेलं.

मालकाचं बिल खरंच अडलंय का, हे आधी साइट इंजिनिअरकडून काढा. गुत्तेदारानं मालकाला शेवटचं आरए बिल (काम चालू असताना टप्प्याटप्प्यानं द्यायचं बिल) कधी दिलं, त्यात वायरिंगचे किती पॉइंट धरले? पुष्कळदा पाइप स्लॅबमध्ये गाडले जातात आणि मोजमाप पुस्तकात चढतच नाहीत. तसं असेल तर संयुक्त मोजणी मागा, स्लॅबआधीचे फोटो सोबत न्या. मालकानं पैसे दिलेत आणि गुत्तेदारानं ते दुसऱ्या साइटवर फिरवलेत असं निघालं, तर थकबाकीची लेखी नोटीस देऊन काम थांबवा. न कळवता माणसं उठवलीत तर उशिराचा दंड तुमच्याच बिलातून कापतील.

तुमचा करार गुत्तेदाराशी आहे, त्यामुळे मालकावर थेट दावा सहसा टिकत नाही. बिल थकलं म्हणून इमारतीवर बोजा चढवता येईल असा कायदाही आपल्याकडे नाही. म्हणून तिघांच्या सह्यांचं पत्र करून घ्या: उरलेलं साहित्य मालक दुकानातून स्वतःच्या नावावर घेईल, ती रक्कम गुत्तेदाराच्या बिलातून वजा होईल, तुमचं बिल फक्त मजुरीचं राहील. गुत्तेदाराची सही नसेल तर मालक बिचकणार, आणि बरोबरच आहे; तेच पैसे गुत्तेदार पुन्हा मागू शकतो.

साडेचार लाखांची बाकी गुत्तेदाराच्या सहीनिशी, तारखेसह लिहून घ्या. मुदत ठरलेली नसेल तर केलेल्या कामाच्या पैशांसाठी काम झाल्यापासून 3 वर्षांत दावा लावावा लागतो; त्या मुदतीत सही झाली तर 3 वर्षं नव्यानं सुरू होतात. चेक दिला तर त्यावरच्या तारखेपासून 3 महिन्यांत बँकेत भरा. परतला तर कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, 15 दिवस वाट, मग महिन्याच्या आत तक्रार. एक तारीख हुकली की तो मार्ग अवघड होतो.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर लघुउद्योगांच्या कायद्यानं 45 दिवसांत पैसे आणि उशिरावर चक्रवाढ व्याज, हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. साहित्यासह घेतलेलं काम त्या कायद्यात बसतं का, यावर न्यायालयांचे निकाल वेगवेगळे आहेत. ते व्याज हिशेबात धरू नका.

तिघांच्या सह्यांच्या पत्राला नकार आला तर एकच अट ठेवा: थकबाकीतले 3 लाख 20 हजार खात्यात जमा झाल्यावरच पुढची तार साइटवर येईल.