आजोबा दत्तक आले, तर घराणं कोणाचं?

प्रश्न : ताई, मी अमळनेर तालुक्यातला. चार पिढ्यांची कादंबरी लिहितोय. पहिल्या पिढीतली विधवा बाई 1948 साली भाऊबंदातला एक पोरगा दत्तक घेते, आणि पणतीला ही गोष्ट एकदम शेवटच्या प्रकरणात कळते. मित्र म्हणतो एवढ्यावर कादंबरी उभी राहत नाही. आणि मग घराण्याचा वारसा खरा कोणाचा म्हणायचा?

उत्तर : दादा, तुमच्या मित्राचं मला पटतं. आपल्याकडे गावात दत्तक कधी गुपित नसतं हो. चारचौघांसमोर पोरगं मांडीवर दिलं जातं, दत्तकपत्र होतं, तलाठ्याकडे फेरफार पडतो, सगळ्या गावाला माहीत असतं, फक्त तोंडावर कोणी बोलत नाही आणि बांधावरून भांडण झालं की मग पहिलं तेच निघतं, 'हाऊ तं दत्तक शे'. म्हणून शेवटासाठी राखू नका, पहिल्याच प्रकरणात सांगून टाका. पुढची प्रत्येक पिढी ते कसं वागवते हे वाचायला मला तरी जास्त आवडेल.

1948 हे साल तुम्ही सहज घेतलं असेल, पण त्यात केवढं कथानक आहे बघा. तेव्हा मुंबई इलाख्यात विधवेला, नवऱ्याने मनाई केलेली नसेल तर, त्याच्या परवानगीशिवाय दत्तक घेता यायचं, आणि तो मुलगा नवरा वारला त्या दिवसापासूनच त्याचा धरला जायचा. म्हणजे दिरांनी नवऱ्याच्या वाट्याची जमीन दहा वर्षं कसली असली तरी हे पोरगं येऊन ती मागू शकायचं! दीर का खवळले ते वेगळं सांगायलाच नको. हाच प्रसंग डिसेंबर 1956 नंतर ठेवलात तर सगळं बदलतं, नव्या कायद्यात आधीच दुसऱ्याच्या मालकीची झालेली जमीन दत्तकामुळे काढून घेता येत नाही, आणि मुलगीही दत्तक घेता येते. त्यामुळे साल बदलताना जपून.

आता वारसा. कायद्याने जन्मघरचं नातं तुटतं, फक्त लग्न जमवताना ते बघावंच लागतं. पण घराणं काही नुसतं सातबाऱ्यावर नसतं ना. श्रावणात आपल्या खानदेशात कानबाई देवी बसते, रोटासाठी म्हणजे तिच्या प्रसादासाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठीमुठीने गहू मोजतात आणि रोट भाऊबंदांतच खातात. त्या पहिल्या वर्षी या पोराच्या नावाची मूठ कोण टाकतं? सासू टाकते की टाळते, की विधवा स्वतः पुढे होऊन टाकते? मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका प्रसंगात मिळेल, त्याला पानं द्या, घाई करू नका. आणि हा पोरगा आयुष्यभर बापाच्या जागी अशा माणसाचं नाव लिहिणार ज्याला त्याने कधी पाहिलंच नाही, हेही कुठेतरी येऊ द्या, शाळेत नाव घालताना म्हणा किंवा लग्नपत्रिकेत.

पणतीचं काय करायचं? तिला दत्तकाचं लहानपणापासून ठाऊकच असू दे. पण त्या दत्तक पोराला जन्म देणारी बाई कोण होती? जुन्या दत्तकपत्रात देणारा म्हणून बहुतेकदा बापाचंच नाव सापडतं. ती बाई त्याच गावात, दोन गल्ल्या सोडून राहत असेल, पोराला येता-जाता बघत असेल, सणावाराला काकू म्हणून ताटही वाढत असेल. पणतीला शोधायचंच असेल तर त्या बाईचं नाव शोधू द्या. त्यासाठी आधी तुम्ही स्वतः जुने फेरफार काढून वाचा, आणि जमलं तर त्र्यंबकेश्वरला तुमच्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांकडची वंशावळीची चोपडी बघून या.