सूट गोऱ्यांचा, मग रुबाब कुणाचा?

प्रश्न : काँगोमधल्या सापूर लोकांचे, म्हणजे भारी कपडे घालून रुबाबात मिरवणाऱ्या शौकिनांचे, फोटो मला एकाने पाठवले. गुलाबी सूट, हॅट, हातात छडी आणि मागे पत्र्याची घरं, मातीचा रस्ता. आधी खूप आवडले, पण मग वाटलं की ज्यांनी यांच्यावर राज्य केलं त्यांचेच कपडे घालून कसली आलीय ओळख? आणि घरात ओढाताण असताना कपड्यांवर एवढा पैसा घालवणं बरोबर आहे का?

उत्तर : हे असे फोटो बहुतेक काँगो नदीकाठच्या दोन शहरांतले असतात. एका काठाला ब्राझाव्हिल, तिथे फ्रेंचांचं राज्य होतं, आणि समोरच्या काठाला किन्शासा, तिथे बेल्जियमचं; आज हे दोन वेगळे देश आहेत, दोघांच्याही नावात काँगो. साहेबाच्या घरी काम करणाऱ्या पोरांना कधीकधी पगाराच्या जागी साहेबाचे जुने कपडेच मिळायचे, सुरुवात तिथून झाली. पण पुढे काय झालं ते बघा, या पोरांनी उतरलेल्या कपड्यांवर समाधान मानलं नाही, पैसे साठवून पॅरिसहून नवे कपडे मागवायला लागले, आणि नोकर आपल्यापेक्षा झकपक दिसतोय हे साहेबाला अजिबात रुचलं नाही. ते नुसती नक्कल करत असते तर साहेबाला राग यायचं काही कारणच नव्हतं ना?

सापूर लोक ज्याला आपला पहिला थोर सापूर मानतात तो आन्द्रे मात्सुआ. त्याने 1926 मध्ये पॅरिसमध्ये आपल्या भागातल्या लोकांची संघटना काढली, हक्क मागितले, आणि 1942 मध्ये तुरुंगातच त्याचा मृत्यू झाला. रुबाबात राहणं आणि बरोबरीचा हक्क मागणं हे तिथे पहिल्यापासून असं एकमेकांत गुंतलेलं आहे.

आता तुमच्या शंकेचा खरा कस लागतो तो पुढच्या काळात. स्वातंत्र्यानंतर किन्शासाच्या बाजूला मोबुटूची सत्ता आली, 1971 मध्ये त्याने देशाचं नाव बदलून झाईर केलं आणि सूट-टाय परदेशी म्हणून बंद करून टाकले. त्याऐवजी पुरुषांनी घालायचा तो आबाकोस्त, म्हणजे बिनटायचं जॅकेट. हे नावच मुळात 'सूट मुर्दाबाद' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून आलंय. म्हणजे अस्सल आफ्रिकन कोण हे आता हुकूमशहा ठरवणार! तेव्हा पापा वेम्बा नावाचा गायक, ज्याने 1977 मध्ये व्हिवा ला म्युझिका हा बँड काढला, तो स्टेजवर भारी डिझायनर कपडे घालून उभा राहायचा आणि तरुण पोरं त्याचं बघून तसेच कपडे करायची. टायला परत परवानगी मिळायला 1990 उजाडलं. म्हणून मला वाटतं की सूट कुठून आला यावरून ओळख ठरत नाही. तोच सूट साहेबाच्या घरी ताबेदारीची खूण होता आणि मोबुटूच्या राज्यात बंडाची झाला, कापड तेच, घालणारा आणि वेळ वेगळी.

आणि घालायची पद्धत तर पूर्णपणे त्यांचीच आहे. ब्राझाव्हिलमध्ये, खास करून बाकोंगो भागात, एका वेळी अंगावर तीनपेक्षा जास्त रंग नकोत हा नियम कडक पाळतात. किन्शासावाले त्या मानाने बिनधास्त, जपानी डिझायनरचे ढगळ कपडे काय, स्कॉटिश किल्ट काय, सगळं चालतं. चालण्याची सुद्धा एक ढब असते, सावकाश, मोजे दिसतील अशी पँट जरा उचलून. बोलणं सभ्य हवं, भांडण-मारामारी नको. हे सगळं बाकोंगोसारख्या भागात चालतं जिथे 1998 च्या डिसेंबरमध्ये यादवी युद्धामुळे लोकांना घरदार सोडून पळावं लागलं होतं, हे वाचल्यापासून तो सभ्यपणाचा नियम मला फार मोलाचा वाटतो.

पैशांचं म्हणाल तर तुमची काळजी खोटी नाही. एका चांगल्या बुटाच्या जोडीसाठी महिनोन् महिने पैसे साठवणारे आहेत, कर्ज काढणारेही आहेत, आणि घरातल्या मुलांच्या तोंडचा घास काढून बूट येत असतील तर मी त्याचं कौतुक करणार नाही. पण बरेच जण आठवडाभर गवंडीकाम, टॅक्सी, वायरिंग असली कामं करतात, कपडे एकमेकांना उसने देतात, भाड्यानेही आणतात. गरीब माणसाने फक्त गरजेपुरतंच जगावं ही अट मात्र मला मान्य नाही.

प्रश्न : आफ्रिकेत इतरत्र पण असं काही आहे का, की फक्त काँगोतच?

उत्तर : आहे की! जोहान्सबर्गमध्ये कामाला आलेल्या झुलू कामगारांची स्वेंका परंपरा आहे, शनिवारी रात्री हॉस्टेलमध्ये सूट घालून स्पर्धा होते, परीक्षक कफ, मोजे, टाय सगळं बारकाईने बघतो आणि जिंकणाऱ्याला बक्षीस मिळतं. नायजेरियात योरुबा पुरुषांचा आग्बाडा बघा, तिथे तर सूटचा संबंधच नाही. हा पायघोळ झगा, आत सदरा आणि पायजमा, डोक्यावर फिला टोपी. मोठ्या समारंभाला तो बऱ्याचदा आसो-ओके कापडाचा असतो, हे कापड हातमागावर अरुंद पट्ट्यांमध्ये विणतात आणि मग पट्ट्या एकमेकींना जोडतात. त्याच्या बाह्या इतक्या रुंद असतात की चालताना सारख्या खांद्यावर टाकाव्या लागतात, आणि त्या टाकण्यातच खरा रुबाब असतो, एकदा व्हिडिओ शोधून बघाच.