गिनिपिग गवत खात नाही आणि हनुवटी ओली राहते : दात घरी कापावेत का?

आपण विचारले आहे की, अडीच वर्षांच्या नर गिनिपिगने चार दिवसांपासून वाळलेले गवत सोडले आहे, काकडी आणि कोथिंबीर मात्र तो खातो, हनुवटीखालचे केस सतत ओले असतात, पुढचे दात लांब वाटतात. तर ते नखे कापायच्या कात्रीने घरीच कापले तर चालतील का? चालणार नाहीत. आणि पशुवैद्याकडे जाणे लांबवू नका, आज किंवा फार तर उद्या सकाळी जा. गिनिपिगचे आतडे सतत काहीतरी पुढे ढकलत असते. पोटात तंतुमय अन्न जाणे थांबले की आतड्याची हालचाल मंदावते, आणि बारा तासांहून अधिक काळ काहीच न खाल्लेला गिनिपिग हा तातडीचा रुग्ण समजावा लागतो. आपला अजून काकडी खातो आहे, त्यामुळे थोडा अवधी हाताशी आहे, इतकेच.

मुलुंडच्या फ्लॅटमध्ये गेली नऊ वर्षे मी गिनिपिग पाळते आहे. मी पशुवैद्य नाही. खाली लिहिले आहे ते एका गिनिपिगच्या दातांपायी शिकावे लागले म्हणून.

प्रथम दातांची रचना समजून घ्यावी, कारण घरी होणाऱ्या बहुतेक चुका तिच्या अज्ञानातून होतात. गिनिपिगला एकूण २० दात असतात : ४ पटाशीचे, ४ उपदाढा आणि १२ दाढा. सुळे नसतात. माणसाचे दात एकदा आले की वाढायचे थांबतात. गिनिपिगचे सगळेच्या सगळे दात, दाढांसकट, जन्मभर वाढत राहतात. पटाशीचे दात तर आठवड्याला साधारण एक ते दोन मिलिमीटर वाढतात. ही वाढ आणि रोजची झीज यांचा हिशेब जुळतो तोवर तोंडात सारे ठीक असते. दाढा झिजतात त्या जबडा मागेपुढे घासून लांब, चिवट गवत दळल्यामुळे. पेलेट (दुकानात मिळणाऱ्या, दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) किंवा गाजर खाताना जबडा नुसता वरखाली होतो आणि दोन-चार घासांत काम आटोपते, त्यामुळे दाढांची पुरेशी घासणी होत नाही. पिंजऱ्यात लाकडाचा ठोकळा किंवा खनिजाचा दगड ठेवला की दात झिजतात असे दुकानदार हमखास सांगतात. ठोकळा कुरतडला तर पटाशीचे दात झिजतील, दाढांपर्यंत तो पोचतच नाही.

या दाढा सरळ उभ्या नसून तिरक्या बसलेल्या असतात. झीज कमी पडली की खालच्या दाढा आत, जिभेच्या बाजूला झुकत वाढतात आणि वरच्या बाहेर, गालाच्या बाजूला. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा वाढत वाढत जिभेवर पुलासारख्या येऊन भिडतात, जीभ त्यांच्याखाली अडकते आणि प्राण्याला घास मागे सरकवता येत नाही. भूक असते, म्हणून तो वाटीपाशी धावत येतो, तुकडा उचलतो, एका बाजूने चघळल्यासारखे करतो आणि टाकून देतो. गिळता न आलेली लाळ हनुवटीवर उतरते. आपण सांगितलेली ओली हनुवटी बहुधा हीच आहे. काकडी खाणे आणि गवत टाळणे यांचाही हाच अर्थ लागतो : मऊ आणि पाणीदार पदार्थ फारसा न चावता आत जातो, गवत जात नाही. त्यामुळे ‘खातो तर आहे’ या समाधानात राहू नये.

पुढचे दात लांब दिसतात ते बहुतेक वेळा दाढांचे दुखणे मागे असल्यामुळे. मागे टोचते म्हणून तोंड नीट मिटत नाही, पटाशीचे दात एकमेकांवर घासले जात नाहीत, म्हणून ते वाढतात. शिवाय निरोगी गिनिपिगचेही खालचे पटाशीचे दात वरच्यांपेक्षा बरेच लांब असतात, हे नव्याने पाळणाऱ्याला ठाऊक नसते. लांबीपेक्षा त्यांची कड पाहावी. ती आडवी सरळ असायला हवी. एका बाजूला तिरकी झिजली असेल तर तो एकाच बाजूने चावतो आहे असे समजावे. कात्रीने कापताना हे दात उभे चिरतात, चीर मुळाकडे जाते, आतला जिवंत गर उघडा पडतो आणि तिथे पू धरू शकतो. आणि एवढे करून मागची दाढ होती तिथेच राहते.

घरी पाहता येण्यासारख्या आणखी दोन-तीन खुणा आहेत. खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट हलकेच फिरवा. दोन्ही बाजू सारख्या लागायला हव्यात. दाढ वर वाढायला जागा उरली नाही की तिचे मूळ उलट दिशेने हाडात शिरते आणि कडेवर उंचवटे लागतात. वरच्या दाढांची मुळे डोळ्याच्या खोबणीकडे जातात, म्हणून एकाच डोळ्यातून पाणी येणे किंवा तो डोळा पुढे आल्यासारखा दिसणे हेही दातांचे लक्षण असू शकते. जबड्याखाली टणक गाठ लागली तर ते गळू असण्याची शक्यता धरावी. लेंड्या लहान, कोरड्या किंवा कमी झाल्या आहेत का, तेही पाहा.

या सगळ्यांपेक्षा अधिक भरवशाचे साधन म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. काट्यावर टोपली ठेवून आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरावीक वेळी वजन करावे आणि वहीत लिहावे. वाढ पूर्ण झालेल्या गिनिपिगचे वजन साधारण ७०० ते १,२०० ग्रॅम असते. त्यातले ५० ग्रॅम घटले तर रोज वजन करायला लागावे, १०० ग्रॅम घटले तर वैद्य गाठावा. केसांच्या झुपक्यामुळे उतरलेले अंग नजरेला कळत नाही, आणि शिकार होणाऱ्या प्राण्याच्या सवयीने गिनिपिग दुखणे शेवटपर्यंत लपवतो.

हे मला उशिरा कळले. आमच्या चिंगीला मी पेलेट भरपूर आणि गवत मूठभर देत असे, कारण गवत महाग पडे आणि त्याचा कचरा हॉलभर उडे, त्यावरून सासूबाईंशी खटके उडत. एका जुलैत ती गाजराचे तुकडे टाकून देऊ लागली. जवळच्या दवाखान्यात तिचे ओठ बाजूला करून पुढचे दात पाहिले गेले, ‘दात उत्तम आहेत’ असे सांगून जीवनसत्त्वाचे थेंब दिले गेले आणि मी निर्धास्त झाले. तीन आठवड्यांत ती ९४० ग्रॅमवरून ७८० वर आली. मग लहान प्राण्यांवर नेहमी उपचार करणाऱ्या दुसऱ्या वैद्यांनी भूल देऊन तोंड उघडले तेव्हा खालच्या दाढा जिभेवर जवळजवळ मिटलेल्या होत्या. पहिल्या वैद्यांना मी फारसा दोष देत नाही. गिनिपिगचे तोंड अरुंद असते, गालाच्या आतल्या घड्या मध्ये येतात आणि चघळलेला चोथा साचलेला असतो. जागेपणी कान तपासायच्या उपकरणाने डोकावले तरी बरेच काही निसटते. पण ‘पुढचे दात चांगले, म्हणजे सगळे चांगले’ हा निष्कर्ष आपल्यासमोर काढला गेला तर तो स्वीकारू नका.

वैद्य निवडताना फोनवरच विचारा : आपण गिनिपिगच्या दाढा भूल देऊन घासता का, आणि कवटीचा एक्स-रे काढता का? मुंबईत कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, हे काम करणारे मोजके आहेत. कुठेच सोय कळली नाही तर परळला चौकशी करावी. प्राण्यांचे जुने रुग्णालय आणि १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय एकाच ठिकाणी आहेत. एक्स-रे महत्त्वाचा, कारण त्यातच मुळे किती आत गेली आहेत ते दिसते. मुळे जागेवर असतील तर एक-दोनदा दाढा घासून आणि गवत वाढवून गाडी रुळावर येऊ शकते. मुळे हाडात शिरली असतील तर काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा घासून घ्यावे लागते, आणि तो खर्च व प्रत्येक भुलेतला धोका आधीच समजून घेतलेला बरा. चिंगीला दर सहा-सात आठवड्यांनी न्यावे लागे. त्यानंतर ती दीड वर्ष जगली, आणि त्यातले बहुतेक दिवस तिने मजेत काढले.

भुलेच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा असे कोणी सांगितले तर पुन्हा खात्री करून घ्या. तो नियम उलटी होऊ शकणाऱ्या कुत्र्या-मांजरांसाठी आहे. गिनिपिगला उलटी करताच येत नाही आणि लांब उपास त्याच्या आतड्याला घातक ठरतो. तोंड रिकामे असावे म्हणून तास-दोन तास अन्न थांबवणे वेगळे.

दवाखान्यात पोचेपर्यंत पोट चालू ठेवायला हवे. आजारी तृणभक्षी प्राण्यांसाठी मिळणारी गवताची पूड पाण्यात कालवून द्यावी. ती नसेल तर त्याचेच पेलेट कोमट पाण्यात भिजवून, घोटून पातळ करावेत. टॉवेलमध्ये सैल गुंडाळून त्याला मांडीवर पोटावर बसवा, उताणे कधीही करू नका. सुई नसलेली १ मिलीची सिरिंज पटाशीच्या दातांमागच्या रिकाम्या जागेतून बाजूने आत घाला, पाव-अर्धा मिली सोडा आणि तो चघळून गिळेपर्यंत थांबा. घाई केली तर अन्न श्वासनलिकेत जाते. सुमारे ९०० ग्रॅमच्या प्राण्याला काहीच खात नसल्यास दिवसभरात ४५ ते ७० मिली, पाच-सहा वेळांत विभागून लागते. आपला थोडे खातो आहे, त्या मानाने कमी लागेल. पोट ढोलासारखे ताठ लागत असेल तर मात्र भरवू नका, सरळ दवाखाना गाठा.

घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नये, हे विशेष आग्रहाने सांगते. अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन आणि पेनिसिलिनच्या कुळातली इतर औषधे पोटात गेली तर गिनिपिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि प्राणी दगावू शकतो. क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन यांचेही तेच. वेदनाशामक वैद्यांकडून जरूर मागून घ्या, कारण दुखणे थांबल्याशिवाय घासलेल्या दाढांनीही तो खाणार नाही.

आता क जीवनसत्त्वाविषयी. माणसाप्रमाणेच गिनिपिगच्या शरीरात ते तयार होत नाही. रोज, वजनाच्या दर किलोमागे, १० ते ३० मिलिग्रॅम बाहेरून मिळावे लागते. ते कमी पडले तर स्कर्व्ही होतो, दातांना धरून ठेवणारे ऊतक सैल पडते, दात हलू लागतात, सांधे दुखतात. पेलेटमधले क जीवनसत्त्व साठवणीत कमी होत जाते, म्हणून पाकिटावरची उत्पादनाची तारीख पाहून तीन महिन्यांच्या आत संपेल इतकेच घ्यावे. पाण्यात थेंब टाकण्याचा उपयोग फारसा होत नाही. ते काही तासांतच विघटू लागते, शिवाय चव बदलल्याने काही प्राणी पाणीच कमी पितात. ढोबळी मिरचीचा २० ग्रॅमचा ताजा तुकडा रोज दिला तर निरोगी प्राण्याचे बरेचसे काम भागते. सध्या त्याला तो चावत नसेल तर बारीक किसून द्या.

राहिले गवत. आहाराचा सुमारे चार-पंचमांश भाग गवताचा असावा. बाहेरून येणारे टिमोथी गवत चांगले, पण मुंबईच्या पावसाळ्यात ते दमट होऊन बुरसते. बंद प्लास्टिकच्या पिशवीत त्याला घाम सुटतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा सुती पिशवीत ठेवावे, जून ते सप्टेंबर थोडे थोडे आणावे, कुबट वास आला तर टाकून द्यावे. त्याच्या जोडीला मी फुलवाल्याकडून दूर्वा आणते. गणपतीच्या दिवसांत त्यांचे भाव ऐकून घाम फुटतो, एरवी परवडतात. स्वच्छ धुऊन, पाणी निथळवून, सवय नसेल तर थोड्या प्रमाणात सुरुवात करावी. उद्यानातले गवत आणू नये, तिथे फवारणी झालेली असते आणि कुत्रीही फिरतात. भाताचा पेंढा पोषणाला कमी पडतो, अंथरायला ठीक. लसूणघासात (अल्फाल्फात) कॅल्शियम जास्त असते, म्हणून तो पिल्लांना आणि गाभण मादीला द्यावा, आपल्या नराला रोज नको.

न खाण्याची कारणे दातांखेरीजही असतात, जसे मूत्राशयातला खडा किंवा छातीचा संसर्ग, त्यामुळे वैद्यांना सर्व लक्षणे सांगा आणि वजनाच्या नोंदी दाखवा. उकाडा याला सोसत नाही, म्हणून सकाळी लवकर निघा, आणि लोकलच्या गर्दीपेक्षा वातानुकूलित टॅक्सीचे पैसे मोजा. जोडीदार असेल तर त्यालाही त्याच पेटीत न्या. एकटा घाबरून तो अधिकच खाणे सोडेल. पेटीत दूर्वांची एक जुडी ठेवा. ती तो उचलतो, चघळून टाकतो की नुसती हुंगून तोंड फिरवतो, हे वैद्यांना टेबलावरच पाहता येईल.